पाच कॅरेटचा हिशेब

रामबाग, इंदूर
१७ एप्रिल

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पत्राला पंधरवडा झाला. उत्तर राहिलं ते टोमॅटोपायी, हसू नकोस. सिमरोलचं आपलं दीड एकर, जिथं तू हरभरे भाजून खाल्लेस, तिथं यंदा टोमॅटो लावला.

मागच्या सोमवारी चाळीस कॅरेट, म्हणजे क्रेट, निघाले. मजूर उशिरा आले, तोडणी भर उन्हात बारापर्यंत चालली. चूक तिथंच झाली. उन्हात तोडलेलं फळ शेतातली धग पोटात घेऊन कॅरेटमध्ये बसतं. तोडल्यावरही त्याचा श्वास चालू असतो आणि एक पिकलं की शेजारचंही पिकायला लागतं. त्यात टेम्पो रात्री आला. पहाटे मंडीत पाहतो तर तळाच्या थराला पाणी सुटलेलं. व्यापाऱ्यानं नेमका तळातलाच एक काढला आणि सगळ्या मालाचा भाव त्याच्यावरून लावला.

लुधियान्याच्या ‘सिफेट’नं, म्हणजे काढणीनंतरच्या तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेनं, २०१५ मध्ये टोमॅटोची नासाडी १२.४४ टक्के सांगितली होती. माझे चाळीसांत पाच फेकले गेले, म्हणजे आकडा जवळजवळ जुळला! पण उरलेले पस्तीस निम्म्या भावात गेले, ते कुठं मांडायचे? बटाटा शीतगृहात राहतो, कांदा हवेशीर जागी काही महिने निघतो. टोमॅटोवाल्याला ‘नाही देत, जा’ म्हणायची सोय नाही, आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं.

मला निदान पेन्शन आहे. शेजारच्या भियाचं घरच दोन एकरांवर चालतं. तोडणी आणि भाडंही सुटेना म्हणून त्यानं शेवटचे दोन तोडे झाडावरच सोडले. ते तोडणीनंतरच्या नासाडीत येत नाहीत. तोडलेच कुठं!

फेकलेल्याचंही इंदुरात सोनं होतं बरं. देवगुराडियाला २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा जिरवणारा गॅसचा कारखाना सुरू झाला, त्या गॅसवर सिटी बस धावतात. मंडीतून बसनंच परतलो. माझ्याच टोमॅटोवर चालली असेल, तिकीट मात्र पुरतं घेतलं.

आता दिल्लीच्या पुसा कृषी संस्थेनं सुचवलेली विटांची थंड कोठी बांधतोय. दुहेरी भिंत, मधे वाळू, तिच्यावर रोज पाणी. वीज लागत नाही. मावतात शंभरेक किलो, माझा माल हजाराच्या घरात. पण निवडक माल दोन दिवस जरी थांबला, तरी एखाद्या पहाटे मंडीतून उठून यायची हिंमत होईल.

विटा येऊन पडल्यात. मे महिन्यात येतोस ना? वाळूवर पाणी मारायला माणूस हवाय. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अण्णा