अंगठ्याच्या निमित्ताने

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर बाबा शेजारीच बसले होते, म्हणून लिहिते. हाताचं मी काही काढणार नाही. डॉक्टर आहेत, कोच आहेत.

पण अंगठ्याचं हाड मोडलंय आणि तू विचारतोस, दोन आठवड्यांत उतरू का! वर त्या बेसबॉलवाल्या रिकीचा दाखला. अरे, रिकी हेंडरसन सांगायचा तर पुरता सांग. १९८२ मध्ये त्याने फटक्याची वाट न बघता, पिचर चेंडू टाकतानाच पुढच्या थांब्यावर पळून १३० बेस चोरले, हे तू दारात आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवायचास. त्याच वर्षी तो ४२ वेळा पकडला गेला, तोही विक्रमच. बाद झाल्यावर माती झटकायची आणि पुढच्या वेळी पुन्हा पळायचं, हे त्याचं घे. हात पुढे टाकून पालथं झेपावणं तेवढं घेऊ नकोस. पाय पुढे टाकूनही बेस मिळतो.

झालं माझं सुरू. रागावू नकोस.

त्याच्या आईचं मला फार पटतं. शाळेत तो अमेरिकन फुटबॉलमध्येही नावाजलेला, पण त्या धसमुसळ्या खेळात शरीर लवकर मोडतं म्हणून तिने त्याला बेसबॉलकडे वळवलं. तुझ्या बाबतीत मीही तोच हिशेब केला होता. तिचा मुलगा ४४ व्या वर्षापर्यंत मोठ्या लीगमध्ये खेळला, ३९ व्या वर्षी ६६ बेस चोरून लीगमध्ये पहिला आला. तू म्हणशील, पालथाच पडायचा ना तो? पडायचा. एकूण १४०६ बेस, लू ब्रॉकचे आधीचे विक्रमी ९३८ कुठल्या कुठे मागे. पण सगळ्यांची हाडं रिकीची नसतात, राजा.

आजी म्हणेल, तू तरी कुठे ऐकायचीस! सांगलीला खो-खोत मी खांबावर सूर मारायचे. ढोपरं सोलून यायची, लपवायची, आणि आजी न बोलता हळद घेऊन यायची. आंतरशालेय फायनलला ती शेवटच्या रांगेत उभी होती, हे मला लग्नानंतर शकूमावशीने सांगितलं.

रिकीच्या ओकलंड अ‍ॅथलेटिक्सची कोलिझियम मैदानावरची ती शेवटची मॅच आठवते? सप्टेंबर २०२४. रिकी आणि त्याचा जुना जोडीदार डेव्ह स्टुअर्ट यांनी मानाचा पहिला चेंडू टाकला आणि बाबा चष्मा पुसत बसले. टीम ओकलंड शहर सोडून गेली, आणि २० डिसेंबरला रिकीही गेला. न्यूमोनिया. सहासष्टावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. एवढं दणकट शरीर! तेव्हापासून तू फोनवर नुसता खोकलास तरी माझं लक्ष उडतं. हे बाबांना सांगू नकोस.

व्हिडिओ पाहिला. काय निघालास रे! पिचरला पत्ताच नाही. अंपायरने ‘सेफ’ म्हणून हात पसरले तेव्हा मी एवढ्याने ओरडले की ताई वरून धावत आली. पुढचं मात्र मला बघवत नाही.

बेसवर असताना हातात घालायचा तो जाड, पंजासारखा ग्लोव्ह मागवलाय. तुझ्या टीमच्या रंगाचा मिळाला नाही, हिरवा-पिवळा आहे. पोरं हसली तर हसू देत. आणि प्लास्टर निघाल्याशिवाय घालायचा नाही.

तुझी,
आई

ता. क. इन्शुरन्सचा कागद बाबांना आजच पाठव. आणि डाव्या हाताने का होईना, नीट जेव.