‘का घेतोस?’ हे विचारलंच नाही

महोदय,

उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनाला ‘थेर’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण सुरुवात पुष्कळदा झोप मारण्यासाठी होते: रात्रपाळी, परीक्षा, लांबचा प्रवास. दुसऱ्या महायुद्धात तर जागं राहावं म्हणून सैनिकांनाच अ‍ॅम्फेटामाइनच्या गोळ्या दिल्या गेल्या. कोकेन मेंदूत सुटलेलं डोपामाइन हे आनंद-उत्साहाशी जोडलेलं रसायन परत शोषलं जाऊ देत नाही, म्हणून ती तरतरी येते. वारंवार घेतल्यावर मात्र मेंदू दाद देईनासा होतो. मग आवडतं गाणं, लेकराचं हसणं, काहीच आत पोचत नाही. माझा एक मित्र म्हणायचा, “मजेसाठी नाही रे, सकाळी अंथरुणातून उठता यावं म्हणून घेतो.” आम्ही त्याला नुसतं फैलावर घेतलं. असं उठवतच नाही इतकं काय झालंय, हे कुणीच विचारलं नाही.

– एक वाचक