पॉइंट मिळणार की नाही ते पैसे भरल्या भरल्या सांगा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मी सदाशिव पेठेत एका सीएंच्या ऑफिसात गेली अठरा वर्षं अकाउंट्स बघते आणि घरचा हिशोबही वहीतच लिहिते, त्यामुळे खाली दिलेले आकडे वहीत बघून दिलेत. विषय आहे क्रेडिट कार्डावर गिफ्ट कार्डं (आधीच पैसे भरून घेतलेली, नंतर खरेदीला वापरायची) घेऊन पॉइंट, म्हणजे खर्चावर बँक देते ते बक्षिसाचे गुण, मिळवायचा. हे आता फक्त हिंजवडीतल्या मुलांपुरतं राहिलेलं नाही, आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला गेलं तरी कुठल्या कार्डावर काय मिळतंय हीच चर्चा असते, म्हणून लिहावंसं वाटलं.

मला हे मुलाने शिकवलं. "आई, किराणा तर आपण घेणारच आहोत ना, मग त्याच दुकानाचं व्हाउचर आधी कार्डाच्या ॲपवरून घे, तिथे पॉइंट जास्त पडतात, आणि काउंटरवर पैशांऐवजी व्हाउचर दे." एवढंच. खर्च तोच, फक्त वाट थोडी वेगळी. महिन्याला अडीचशे-तीनशे रुपये सुटायचे, दोन वर्षं सुटले, एका मे महिन्यात आमची रत्नागिरीची तीन तिकिटं त्यातून निघाली. तेव्हा मी या प्रकाराच्या विरोधात नाही हे आधीच सांगते. बिल पूर्ण आणि वेळेवर भरणाऱ्या घराला यात फायदा आहे.

गोष्ट बिघडली या फेब्रुवारीत. माझ्या कार्डाची वार्षिक फी २,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५० रुपये, पण वर्षात तीन लाखांचा खर्च झाला की ती माफ. माझा खर्च झाला होता दोन लाख त्रेसष्ट हजार आणि वर्ष संपायला तीन आठवडे. मग दहा-दहा हजारांची चार प्रीपेड गिफ्ट कार्डं घेतली, कुठल्याही दुकानातल्या मशीनवर चालतात ती. (दहा हजार ही रिझर्व्ह बँकेनेच घातलेली मर्यादा आहे, एका गिफ्ट कार्डात त्याच्यावर भरता येत नाही आणि ते पुन्हा रिचार्जही होत नाही.) प्रत्येकी ११८ रुपये चार्ज गेला, म्हणजे ४७२. दिवाळीच्या आधी अशीच दोन घेतली होती, त्याचे पॉइंटही आले होते आणि खर्चातही धरली होती, म्हणून मनात शंकाच नव्हती.

मार्चचं स्टेटमेंट आलं, त्यात पॉइंट शून्य, चाळीस हजार वार्षिक खर्चात धरलेले नाहीत आणि खाली २,९५० फी लावलेली. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले मॅडम ही कॅटेगरी आता एक्सक्लूड झालीय, जानेवारीत मेल गेलाय. मेल होता, खरं आहे, प्रमोशन्सच्या टॅबमध्ये सेलच्या जाहिरातींच्या मधे, आणि त्यात खाली एका लिंकवर क्लिक केल्यावर अकरा पानांच्या अटी, त्यातल्या सातव्या पानावर ते वाक्य. चार्जेस बदलायचे असतील तर निदान एक महिना आधी कळवायचं असं रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांच्या नियमांत आहे, पण अशा मेलला कळवणं म्हणायचं का? मी रोज अटी-शर्ती आणि नोटिसा वाचणारी बाई, मला ते सापडलं नाही, मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या पेन्शनर काकांना काय सापडणार.

आणि ते चाळीस हजार अडकले ते वेगळंच. गिफ्ट कार्डातून रोख काढता येत नाही, कोणाच्या खात्यात पाठवता येत नाही, क्रेडिट कार्डाचं बिल मात्र तारखेला भरावंच लागतं. ते मी बचतीतून भरलं आणि मग दोन महिने ती कार्डं संपवत बसले. एका रविवारी किराण्याचं बिल झालं ४,२१२ रुपये, कार्डात होते ३,८६०. मशीनने सरळ नाकारलं, जेवढे आहेत तेवढे ते आपणहून घेत नाही. काउंटरवरच्या मुलीला आधी नेमकी ३,८६० रक्कम टाकायला सांगायची आणि वरचे ३५२ रोख द्यायचे, पण त्यासाठी बॅलन्स पैशापर्यंत माहीत पाहिजे आणि बॅलन्स बघायला ओटीपी, आणि त्या बेसमेंटमध्ये रेंज नाही. मागे आठ माणसं उभी, एक आजोबा हातात फक्त ब्रेडचा पुडा घेऊन. त्यांना पुढे जाऊ दिलं आणि मी जिन्यावर जाऊन ओटीपी घेऊन आले.

आता माझं मुख्य म्हणणं. कार्ड स्वाइप केलं की बँकेकडे रकमेबरोबर त्या व्यापाऱ्याचा चार आकडी कोडही जातो, सुपरमार्केटचा ५४११, प्रीपेड कार्ड किंवा वॉलेटमध्ये पैसे भरण्याचा ६५४० वगैरे, आणि पॉइंट द्यायचे की नाही ते बँक प्रामुख्याने याच कोडवरून ठरवते. म्हणजे पैसे गेले त्या क्षणी बँकेला सगळं माहीत असतं. दहा सेकंदात आपल्याला मेसेज येतो, इतके रुपये, अमुक दुकान. त्याच मेसेजमध्ये एक ओळ घालायला काय हरकत आहे, "या खर्चावर पॉइंट नाहीत, वार्षिक खर्चात धरला जाणार नाही"? मी पहिल्याच कार्डाला थांबले असते, पुढची तीन घेतलीच नसती. ग्राहकाला स्टेटमेंटपर्यंत अंधारात ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही. आणि ही ओळ मराठीतही हवी, ॲपमध्ये भाषा मराठी निवडली तरी मेसेज इंग्रजीतच येतात.

दिवाळीच्या आधी घेतलेल्या दोनपैकी एक कार्ड चिंचवडला आईला दिलं होतं, पाच हजारांचं. तिने ते जपून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं आणि वर्षभराने काढलं तेव्हा मुदत संपलेली. मुदत संपायच्या आधीच्या ४५ दिवसांत कंपनीने मेसेजने किंवा मेलने आठवण करायची असा नियम आहे, पण नंबर दिलेला माझा आणि माझ्या फोनवर काही आल्याचं मला तरी सापडलं नाही. कंपनी आधी म्हणाली एक्स्पायर म्हणजे संपलं. तसं नाहीये! प्रीपेड कार्डांबद्दल रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे नियम आहेत, त्यात कार्डधारकाने मागितलं तर गिफ्ट कार्डाची मुदत वाढवून किंवा नवीन कार्ड देता येतं असं लिहिलंय, आणि शिल्लक रक्कम मुदत संपल्यावर निदान तीन वर्षं कंपनीला आपल्या नफ्यात घेता येत नाही. हे मेलमध्ये लिहिल्यावर तिसऱ्या दिवशी नवीन कार्ड आलं. वाचकांच्या घरात कपाटात अशी जुनी कार्डं पडली असतील तर जरूर मागा. (एकाच दुकानाची जी व्हाउचर असतात त्यांना मात्र हे नियम लागत नाहीत, ती मुदतीत वापरून टाकावीत.)

तरुण मुलांना दोन गोष्टी कळकळीने सांगायच्यात. फी माफीच्या किंवा बोनसच्या नादात गिफ्ट कार्डं घेऊन नंतर नुसतं मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) भरू नका, पॉइंट मिळतो खर्चाच्या एक-दोन टक्के आणि व्याज लागतं महिन्याला साडेतीनच्या आसपास, वर जीएसटी. आणि वर्षाला दहा लाखांच्या वर कार्डाची बिलं भरली की ती माहिती इन्कम टॅक्सकडे जाते, पगार सहा लाख आणि बिलं बारा लाखांची असा एक मुलगा आमच्या ऑफिसात नोटीस घेऊन आला होता, मित्रांसाठी गिफ्ट कार्डं घ्यायचा आणि ते त्याला रोख द्यायचे. रोखीचा कागद एकही नव्हता.

बँकेला मी लेखी तक्रार दिलीय, तिचा नंबर मिळालाय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही, १४४४८ वर फोन केला तरी माहिती मिळते. तक्रारीत मी फी परत मागितलीच आहे, पण त्याच्या वर पहिल्या नंबरला मेसेजमधल्या त्या एका ओळीची मागणी लिहिलीय.

आपली,
एक वाचक (कृपया नाव छापू नये)
सहकारनगर, पुणे