मळ्यातील लग्नाच्या सजावटीत झालेल्या सदोष सेवेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विवाह नियोजन व सजावट सेवा, पुणे.

विषय : करारानुसार काम न करणे व शेताचे नुकसान करणे याबाबत.

महोदय,

जुन्नर तालुक्यातील आमच्या मळ्यात वैशाखात माझ्या मुलीचे लग्न झाले. त्यातील मांडव, सजावट व रोषणाईचे काम आपल्या कंपनीकडे सोपवले होते आणि त्यापोटी ३ लाख ६० हजार रुपये व त्यावरील १८ टक्के जीएसटी, असे एकूण ४ लाख २४ हजार ८०० रुपये मी आगाऊ भरले होते. करारात ‘जुन्या वळणाचे, गावाकडचे लग्न’ असे शब्द असून बांबूचा मांडव, आंब्याचे डहाळे, केळीचे खांब, पळसाच्या पत्रावळी आणि स्वतंत्र जनरेटर यांचा स्पष्ट उल्लेख आहे. यांपैकी केळीचे खांब आणि पत्रावळी तेवढ्या ठरल्याप्रमाणे आल्या.

आमच्या मळ्यात माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेला दगडी जोत्याचा वाडा आजही उभा आहे. त्याच्या सागवानी दरवाजासमोरच्या खळ्यात लग्न लागावे, एवढ्यासाठीच आम्ही मंगल कार्यालय घेतले नव्हते, आणि पाहणीला आलेल्या आपल्या प्रतिनिधीला ओट्यावर बसवून हे सविस्तर सांगितले होते. प्रत्यक्षात आपल्या माणसांनी तेथे लोखंडी पाइपांचा मांडव ठोकला आणि खरा दरवाजा नेमका झाकला जाईल अशा बेताने थर्माकोलचा रंगवलेला वाडा उभा केला. घरातील घंगाळ, पराती आणि समया आम्ही चिंच लावून घासून ठेवल्या होत्या. ‘या फोटोत जुन्या दिसत नाहीत’ असे सांगून त्या आत नेऊन ठेवायला लावल्या आणि त्यांच्या जागी सोनेरी रंग दिलेली प्लास्टिकची भांडी मांडली. तीन पिढ्यांची समई जर जुनी दिसत नसेल, तर जुनेपणाचे माप आपण कोठून आणता हे मला खरोखरच समजलेले नाही.

सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे या व्यवसायातील कंपनीला सांगावे लागू नये. तो वाडा मोडताना उडालेला चुरा कडब्याच्या गंजीत शिरला असून तो कडबा आता जनावरांपुढे टाकता येत नाही.

याहून गंभीर बाब विजेची आहे. ठरलेला जनरेटर आलाच नाही. आम्हाला न विचारता आपल्या माणसाने विहिरीवरील मोटारीच्या पेटीतून वायर ओढली. शेतीची वीज पाळीने मिळते आणि त्या आठवड्यात पाळी दिवसाची होती. परिणामी गोरज मुहूर्तावर मंगलाष्टके चालू असतानाच सारे दिवे गेले व उरलेल्या अक्षता शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या उजेडात पडल्या. शिवाय वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार शेतीपंपाची वीज अन्य कामासाठी वापरणे हा अनधिकृत वापर ठरतो, त्याची आकारणी दुप्पट दराने होते, आणि ती जोडणी माझ्या नावावर आहे.

ठिबक सिंचनाची जमिनीखालील सबमेन (शेतात पाणी पुरवणारी मोठी नळी) चुन्याची फक्की मारून आखून दिलेली असतानाही पहारीने दोन ठिकाणी फोडण्यात आली, त्याची दुरुस्ती आम्हीच करून घेतली.

तरी मांडव, सजावट व जनरेटर यांपोटी घेतलेली रक्कम जीएसटीसह परत करावी, सबमेनच्या दुरुस्तीचा व वाया गेलेल्या कडब्याचा खर्च द्यावा, आणि महावितरणने दंडात्मक आकारणी केल्यास ती कंपनी भरेल असे लेखी कळवावे. पुढील कार्यक्रमात सवलत देण्याचा आपल्या प्रतिनिधीने फोनवर मांडलेला प्रस्ताव मला मान्य नाही. मला एकच मुलगी आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करण्यात येईल. करारपत्र, पावती, छायाचित्रे व दुरुस्तीचे बिल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आपली सोनेरी भांडी गोठ्यात पडून आहेत, ती याच मुदतीत घेऊन जावीत.

आपली विश्वासू,
वधूची आई व करारावरील ग्राहक