टिमिशोआराहून आई-बाबांना नाताळचे पत्र

ती. आई व बाबा यांस,
सप्रेम सलाम.

बाबा, तुमचे पत्र पोहोचले. संध्याकाळच्या प्रार्थनासभेला आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे येतात, मंडळीतली तरुण मुले पुण्या-मुंबईला किंवा माझ्यासारखी परदेशी निघून गेली, आणि आपण उरलेल्या म्हाताऱ्यांनी काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे. त्याला उत्तर म्हणून मी ज्या गावात राहते त्याचीच हकीकत लिहिते, कारण रोमानियाची क्रांती याच टिमिशोआरात, एका पाळकाच्या दारात आणि नाताळच्या तोंडावर सुरू झाली.

१९८० च्या दशकात इथला कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कूने परदेशी कर्ज फेडण्याच्या हट्टापायी देशात पिकलेले अन्न बाहेर पाठवले आणि लोकांना रेशनच्या रांगेत, गारठलेल्या घरांत आणि अंधारात ठेवले. नाताळला सुट्टी नव्हती, आणि मुलांना भेटी आणणाऱ्या नाताळबाबाचे नावसुद्धा बदलून त्याला थंडीचा म्हातारा केले होते. पोपला मानणाऱ्या ग्रीक-कॅथलिक मंडळीवर तर १९४८ मध्येच बंदी आली होती. तिचे बिशप तुरुंगात गेले, आणि त्यांतल्या सात जणांना २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी ब्लाज येथे धन्य घोषित केले. खरे तेही सांगते, की पुष्कळ धर्मगुरू सत्तेपुढे वाकले. सगळी ख्रिस्ती मंडळी शूर होती असे म्हणणे त्या तुरुंगात गेलेल्यांवर अन्याय करणारे होईल.

येथील हंगेरियन रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंट) मंडळीचे पाळक लास्लो तोकेश मात्र सत्तेविरुद्ध बोलत राहिले. त्यांचे रेशनकार्ड काढून घेतले, घराच्या खिडक्या फोडल्या, चाकू घेऊन माणसे घरात शिरली; तेव्हा मंडळीचे लोक गुपचूप अन्न आणि सरपण आणून देत. त्यांच्याच बिशपने त्यांची बदली केली आणि १५ डिसेंबर १९८९ ही घर सोडण्याची तारीख ठरली. आधीच्या रविवारी उपासनेत तोकेश यांनी सांगितले की, त्या दिवशी मला बाहेर काढतील, तुम्ही येऊन पाहा. बाबा, त्यांनी लढायला बोलावले नव्हते, फक्त साक्षीला बोलावले होते. माणसे आली आणि दारापुढे उभी राहिली. पहिल्यांदा थोडीच होती, आणि तीही त्यांच्याच मंडळीची.

मग जे घडले ते मला सगळ्यांत मोठे वाटते. बाजूच्या बाप्टिस्ट मंडळीचे लोक आले, कॅथलिक आले, ऑर्थोडॉक्स आले. हंगेरियन पाळकासाठी रोमानियन माणसे मेणबत्त्या घेऊन उभी राहिली. या दोन समाजांत किती जुने अविश्वास आहेत, हे इथे राहिल्यावर कळते. १६ तारखेला कवी इयोन मोनोरान यांनी मारिया चौकातल्या ट्राम अडवल्या, उतारू खाली उतरून गर्दीत मिसळले आणि हुकूमशहाच्या विरोधात घोषणा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तोकेश आणि त्यांच्या गरोदर पत्नीला पकडून दूर खेड्यात नेले, आणि त्याच दिवशी सैन्याने गोळीबार केला. १८ तारखेला ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्या तरुणांवरही गोळ्या झाडल्या. मृतांपैकी चाळीसहून अधिक जणांची प्रेते रुग्णालयातून चोरून बुखारेस्टला नेऊन जाळली, म्हणजे पुरावाच उरू नये. तरीही २० तारखेला कारखान्यांतले कामगार एक लाखाच्या संख्येने चौकात उतरले, सैन्य मागे हटले आणि टिमिशोआरा हे देशातले पहिले मुक्त शहर ठरले. ‘आज टिमिशोआरात, उद्या साऱ्या देशात’ अशी त्यांची घोषणा होती, आणि २२ तारखेला चाउशेस्कू हेलिकॉप्टरने पळाला. त्या दिवसांत ऑपेराच्या सज्जातून बाप्टिस्ट पाळक पेत्रू दुगुलेस्कू यांनी प्रार्थना केली, तेव्हा सक्तीच्या नास्तिकतेत वाढलेल्या त्या प्रचंड जमावाने ‘देव आहे’ असा घोष केला आणि प्रभूची प्रार्थना म्हटली.

आई, तू विचारशील म्हणून पुढचेही लिहिते. २५ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्याच दिवशी, चाउशेस्कू आणि त्याच्या पत्नीवर घाईघाईने खटला चालवून त्यांना गोळ्या घातल्या. तारणाऱ्याच्या जन्मदिवशी ते घडावे याचे मला आजही दुःख होते, कितीही जुलमी असले तरी. क्रांतीत अकराशेहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक हुकूमशहा पळाल्यानंतरच्या गोंधळात गेली. त्यांच्या घरच्यांना न्यायासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले. पण १९९० च्या जानेवारीतच या देशाने फाशीची शिक्षा कायमची रद्द केली, आणि चाळीसेक वर्षांनंतर नाताळची गाणी पुन्हा उघडपणे वाजू लागली. माझी आशा या दोन्ही गोष्टींसकट आहे; रक्त वगळून सांगितलेल्या गोष्टीवर मी ती उभी करू शकत नाही.

म्हणून यंदा मी लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातले येशूची आई मरिया हिचे गीत वारंवार वाचते आहे. लहानपणी ते मला एका आनंदी आईचे गाणे वाटे. देवाने सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढले आहे, भुकेल्यांची पोटे भरली आहेत, हे एक गरीब मुलगी रोमी साम्राज्य भरात असताना गाते, आणि तेव्हा तिच्याजवळ नात्यातल्या एलिशिबेशिवाय ऐकायला कोणीही नसते. दोन बायकांची ती प्रार्थनासभाच होती, बाबा. तुमच्या सभेला त्याहून जास्त माणसे येतात.

तोकेश यांच्या घराच्या भिंतीवर आज रोमानियन, हंगेरियन, सर्बियन आणि जर्मन अशा चार भाषांतली पाटी आहे, कारण हुकूमशाही पाडणारी क्रांती तिथेच सुरू झाली. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा तुमची आठवण येते. २४ तारखेच्या सभेत तुम्ही मरियेचे गीत वाचा आणि या पाळकाच्या दारात जमलेल्या लोकांची हकीकत सांगा. शेजारच्या कॅथलिक कुटुंबालाही बोलवा, आणि आई म्हणेल त्या इतर शेजाऱ्यांनाही. मी त्या संध्याकाळी इथल्या मंडळीबरोबर दारोदार गाणी म्हणत फिरणार आहे, त्यामुळे फोन रात्री न करता नाताळच्या सकाळी, तुमची उपासना आटोपल्यावर करीन. आईने गुडघ्याचे औषध चुकवू नये.

तुमची,
लेक