शेवटच्या नंबराचा हिशोब

संपादक महोदय,

टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीतल्या शेवटच्या सायकलपटूला ‘लाल कंदील’ म्हणून हसण्यावारी नेणे पटत नाही. रोज विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून मुदत ठरते; ती हुकली की माणूस शर्यतीबाहेर. बहुतेकदा शेवटचा येतो तो संघातला मदतनीस: कप्तानाला पाण्याच्या बाटल्या पोचवणारा, त्याच्यासाठी वारा अंगावर घेणारा. बेल्जियमचा विम वान्सेव्हेनान्त २००६ ते २००८ सलग तीनदा शेवटचा आला, तो असाच.

बक्षीस लावले की मात्र घोळ होतो. इटलीच्या जिरो या अशाच शर्यतीत १९४६ ते १९५१ शेवटच्याला काळी जर्सी असे. लुईजी मालाब्रोक्का त्यासाठी चक्क लपून बसे! १९४९ला अखेरच्या टप्प्यात तो इतका रेंगाळला, की वेळ नोंदवणारेच निघून गेले. त्याला आधीच पोचलेल्या मुख्य घोळक्याचीच वेळ मिळाली, तो शेवटचा ठरलाच नाही आणि जर्सी सान्ते कारोल्लोने नेली.

– एक सायकलप्रेमी, पुणे