शेळीचे बाळंतपण आणि रखमाबाई

महोदय,
महिला दिनासाठी नातीने डॉ. रखमाबाईंवर भाषण लिहिले होते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, ‘आनंदीबाईंवर बोल, त्या सगळ्यांना ठाऊक आहेत.’ आनंदीबाई थोरच. पण १८८७ मध्ये ऐन उमेदीत गेल्या, रोगी तपासायचे राहूनच गेले. त्याच वर्षी कोर्टाने रखमाबाईंना सांगितले, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल! पुढे लंडनला शिकून त्या सुरतेत आल्या, म्हणजे आमच्या वडोद्याहून गाडीने दोन-अडीच तासांवर. सुरत-राजकोटात मिळून तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी रुग्णसेवा केली.

सुरतेत बायका दवाखान्यात बाळंत व्हायला भीत, म्हणून त्यांनी गाभण शेळी आणून तिची सुटका करून दाखवली, असे सांगतात. मला ते पटते. लेबर रूममध्ये घाबरलेल्या पहिलटकरणीला मीही आधी शेजारच्या खाटेवरचे बाळ दाखवायची. मग मूठ सैल व्हायची तिची.

नातीने ते भाषण शेवटी घरीच म्हटले, देवघरासमोर उभी राहून. शेळीपाशी आली आणि हसतच सुटली. आपल्या पुरवणीत रखमाबाईंना अर्धे पान द्याल का?

– एक निवृत्त परिचारिका, दांडिया बाजार, वडोदरा